वर्किंग डॉग ट्रेनिंगची डिग्री करायचीय? मग फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. आमच्या शेतावर कायम कारवान कुत्री असायची, काटक, लांब पायांची, आणि आजी किल्लारीच्या भूकंपाचं सांगायची, १९९३ सालची ३० सप्टेंबरची पहाट, लोक नुसत्या हातांनी दगडमाती उकरत होते आणि खाली कोण जिवंत आहे ते कळायलाच मार्ग नव्हता. खूप वर्षांनी ढिगाऱ्यावर माणूस शोधणाऱ्या कुत्र्याचा एक व्हिडिओ बघितला आणि हेच शिकायचं असं मनाने घेतलं. पुढे अमेरिकेत जाऊन डिग्री केली, परत आले, आता पुण्याजवळ काम करते. मधल्या काळात माझे पैसेही गेले आणि एक अख्खं वर्षही गेलं, कारण विचारायला कुणीच नव्हतं. हल्ली आठवड्याला दोनतीन मुलंमुली तरी हेच विचारतात म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

१. आधी हे ठरवा: हँडलर व्हायचंय की ट्रेनर

सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, त्यामुळे इथे जरा वेळ द्या.

पोलिसांच्या, सैन्याच्या किंवा एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) कुत्र्याचा पट्टा हातात घ्यायचा असेल तर आधी त्या खात्यात भरती व्हावं लागतं. तिथे डिग्री बघत नाहीत. आधी भरती, मग श्वानपथकात जायची संधी, मग हँडलर आणि कुत्रा जोडीनेच कित्येक महिने ट्रेनिंगला. महाराष्ट्र पोलिसांचं श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात आहे, बीएसएफचं ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला १९७० पासून आहे, सैन्याच्या जनावरांचं बघणाऱ्या आरव्हीसीचं सेंटर मेरठला आहे, आपल्या शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ हाउंडसुद्धा तिथे ट्रेनिंग घेऊन तयार झालाय. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबई हादरली होती तेव्हा आरडीएक्स शोधणारा लॅब्रेडॉर झंजीर, तोही पोलिसांचाच. २०२३ साली तुर्कस्तानच्या भूकंपात सहा वर्षांच्या मुलीचा माग काढला त्या रोमिओ आणि ज्युली एनडीआरएफच्या. या कुत्र्यांसोबत जी माणसं उभी असतात ती सगळी वर्दीतली असतात.

अमेरिकेतही तसंच आहे, के-नाइन ऑफिसर हा आधी पोलीस असतो आणि सरकारी सुरक्षा खात्यांतल्या बहुतेक जागांना तिथलं नागरिकत्व लागतं. म्हणजे तुम्ही तिथून डिग्री केली तरी तिथल्या पोलीस दलात कुत्रा घेऊन फिरणार नाही, हे मला दुसऱ्या सेमिस्टरला कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

मग डिग्री कशासाठी? तर ट्रेनर व्हायला. ट्रेनर म्हणजे पिल्लू निवडणारा, त्याला पायापासून तयार करणारा, कुठला कुत्रा कुठल्या कामाला चालेल ते ओळखणारा, आणि शेवटी तो कुत्रा ज्याच्या हातात जाणार त्या माणसाला शिकवणारा. अपंग व्यक्तींना मदत करणारे कुत्रे, वाळवी-ढेकूण हुडकणारे, जंगलात प्राण्यांची विष्ठा शोधून संशोधकांना मदत करणारे, शोध-बचावाचे, असे बरेच प्रकार आहेत. तुमचं वय भरतीत बसतंय आणि ओढ वर्दीचीच असेल तर लाखो रुपये खर्च करून परदेशात जाऊ नका, ग्राउंडची तयारी करा. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

२. डिग्री मिळते कुठे

फक्त श्वान प्रशिक्षणाची यूजीसी मान्य पदवी मला भारतात सापडली नाही. बीव्हीएससी वेगळं, ते जनावरांच्या डॉक्टरचं शिक्षण, परळचं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज १८८६ पासून आहे आणि आता नागपूरच्या माफसू विद्यापीठाखाली येतं. ते फार चांगलं शिक्षण आहे पण त्यात ट्रेनिंग हा मुख्य विषय नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सनी कोबलस्किल म्हणून सरकारी कॉलेज आहे, तिथे कॅनाइन ट्रेनिंग अँड मॅनेजमेंट या विषयात बॅचलर ऑफ टेक्नॉलॉजी करता येतं. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या बिशप बर्टन कॉलेजला कॅनाइन बिहेव्हियर अँड ट्रेनिंगचा डिग्री कोर्स आहे. पुढे बिहेव्हियरमध्ये मास्टर्स करायचं असेल तर लिंकन विद्यापीठाचं नाव मोठं आहे. फिलाडेल्फियात पेन व्हेट वर्किंग डॉग सेंटर आहे, ते ११ सप्टेंबर २०१२ ला सुरू झालं, ९/११ च्या ढिगाऱ्यावर काम केलेल्या कुत्र्यांच्या अनुभवातून उभं राहिलेलं, त्यांचं संशोधन तर आत्तापासूनच वाचायला लागा.

डिग्री नको, घरी राहूनच करायचं असेल तर सीपीडीटी-केए नावाचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट आहे. त्याला गेल्या तीन वर्षांत किमान ३०० तास ट्रेनिंग दिल्याचा अनुभव लागतो आणि मग परीक्षा. ज्यांना परदेश परवडत नाही त्यांच्यासाठी हा रस्ता कमी दर्जाचा अजिबात नाही.

सापळा: नुसतं "इंटरनॅशनल" लिहिलेले ऑनलाइन डिप्लोमे. मी पहिल्यांदा अशाच एका संस्थेला पंचेचाळीस हजार भरले, आठ व्हिडिओ आणि एक पीडीएफ सर्टिफिकेट मिळालं, एकाही कुत्र्याला हात लागला नाही आणि ते सर्टिफिकेट पुढे कुणी विचारलंही नाही. कुठल्याही कोर्सला पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा: मान्यता कुणाची आहे, आठवड्याला प्रत्यक्ष कुत्र्यासोबत किती तास मिळतात, आणि मागच्या बॅचची मुलं आज कुठे काम करतायत. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं की तिथून निघा.

३. जायच्या आधी वर्षभर कुत्र्यांत राहा

घरी लॅब्रेडॉर आहे म्हणजे अनुभव आहे असं कॉलेज धरत नाही. शहरातल्या शेल्टरला शनिवार-रविवार जा, व्हेटच्या दवाखान्यात कुत्रं धरायला उभे राहा, चांगल्या ट्रेनरच्या मागे सहा महिने पिंजरे धुवा. भेदरलेलं कुत्रं, चावणारं कुत्रं, आंधळं कुत्रं, सगळं बघून होऊ द्या. मला पुण्यातल्या एका शेल्टरमधल्या गावठी कुत्र्यांनी जेवढं शिकवलं तेवढं नंतरच्या अर्ध्या पुस्तकांनी नाही शिकवलं.

आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, कुत्रा, किती मिनिटं, काय करायचं ठरवलं होतं, काय झालं, उद्या काय बदलणार, एवढे सहा रकाने. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "१४ जून, काळू, १२ मिनिटं. बस शिकवायचं. दहापैकी सात वेळा बसला, रिक्षा गेली की उठतो. उद्या फाटकापासून लांब घ्यायचं." बस, एवढंच. पण अशा चारशे नोंदी झाल्या की अर्जात, इंटरव्ह्यूत, सर्टिफिकेटला, सगळीकडे तीच वही पुढे करता येते. शिफारसपत्र देणाऱ्या डॉक्टरांनीही माझी वही चाळूनच पत्र लिहिलं.

शेल्टरला जायच्या आधी डॉक्टरांना विचारून धनुर्वात आणि रेबीजचे आगाऊ घ्यायचे डोस घेऊन टाका. हे पुढे ढकलू नका, आणि त्या डोसचे कागद जपून ठेवा.

४. कागदपत्रं

हे सगळं एका फाइलमध्ये आणि त्याचं स्कॅन ईमेलवर, दोन्हीकडे ठेवा:

- पासपोर्ट, आणि त्यावरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षर न अक्षर जुळतंय का ते बघा, वडिलांचं नाव मधे आहे की नाही यावरून आपल्याकडे फार घोळ होतात
- दहावी-बारावीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला
- इथे काही डिग्री केली असेल तर विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांच्या मार्कांचा अधिकृत कागद), त्याला वेळ लागतो, फेऱ्या माराव्या लागतात, सगळ्यात आधी हेच सुरू करा
- कॉलेजने मागितलं तर मार्कांचं तिथल्या पद्धतीत मूल्यांकन
- इंग्रजीची परीक्षा, टोफेल किंवा आयईएलटीएस, जी कॉलेज घेतं ती
- दोन शिफारसपत्रं, त्यातलं एक तरी कुत्र्यांच्या कामातलं
- बँक स्टेटमेंट, कर्ज मंजुरीचं पत्र, खर्च करणाऱ्याचं अॅफिडेव्हिट, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट
- लसीकरणाचे कागद

लसीकरणावर थांबून सांगते. न्यूयॉर्क राज्यात कायद्यानेच गोवर, गालगुंड, रुबेला यांची लस झाल्याचा पुरावा कॉलेजला द्यावा लागतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं लहानपणीचं कार्ड हरवलेलं असतं. माझ्या आईने सगळं घर पालथं घातलं, नाही सापडलं, शेवटी इथेच परत डोस घेतले आणि डॉक्टरांचा सहीशिक्क्याचा कागद नेला. निघायच्या दोन महिने आधी करा, दोन डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं.

५. पैशांचं खरं गणित

फी, राहणं, इन्शुरन्स, हे तर कॉलेजच्या साईटवर असतंच. त्यात नसतं ते मी सांगते. बूट, कारण तिथे बर्फात सकाळी सहाला केनेलला, म्हणजे कुत्री ठेवतात तिथे, जावं लागतं. गाडी किंवा गाडीवाला मित्र, कारण असली कॉलेजं गावात, शेतीवाडीत असतात, बस नसते. आणि सामान: साधा पट्टा, छातीवरून बांधायचा हार्नेस, सहा फुटी दोर, तीस फुटी लांब दोर, क्लिकर (टिक आवाज करून कुत्र्याला "बरोबर" सांगणारं छोटं बटण), शिट्टी, कमरेला बांधायचं ट्रीट पाऊच, दोरीचा बॉल, नायट्राइल हातमोजे. यातलं क्लिकर, शिट्टी, पाऊच इथूनच न्या, खूप स्वस्त पडतं. लांब दोर मात्र तिथे घ्या, ओला झाला तरी हात न कापणारा मिळतो.

कर्ज घेताना बँकेतल्या साहेबांना हा कोर्स माहीत नसतो हे गृहीत धरूनच जा. मला दोन शाखांतून "कुत्र्यांच्या कोर्सला कर्ज नाही" असं तोंडावर सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी मी कॉलेजच्या मान्यतेचा कागद, चार वर्षांच्या विषयांची यादी आणि नोकऱ्यांच्या पाच जाहिराती असं प्रिंट काढून नेलं, तेव्हा काम झालं.

६. व्हिसा

अमेरिकेसाठी क्रम असा: प्रवेश, मग कॉलेजकडून आय-२० (प्रवेशाचा अधिकृत फॉर्म), मग सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, मग १८५ डॉलर व्हिसा फी आणि अपॉइंटमेंट. बोटांचे ठसे आणि इंटरव्ह्यू दोन्ही मुंबईत, बीकेसीला, वेगवेगळ्या ठिकाणी. फीचे आकडे भरायच्या दिवशी परत एकदा तपासा, बदलतात.

इंटरव्ह्यूत प्रश्न येणारच, की कुत्र्यांना शिकवायला चार वर्षं कशाला? पाठ केलेलं उत्तर देऊ नका. मी सांगितलं की मी भूकंपाच्या पट्ट्यातली आहे, आमच्याकडे शोधकुत्रे खात्यांकडेच आहेत, गावपातळीवर स्वयंसेवकांची तयार पथकं उभी करायला शिकवणारी माणसं पाहिजेत आणि मला परत येऊन ते करायचंय. खरं होतं म्हणून सांगता आलं. तुमचं खरं कारण काय आहे ते तुम्हीच शोधा, पण परत येऊन नक्की काय करणार हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

७. पहिल्या वर्षी खरं काय शिकवतात

आपल्याला वाटतं बस-ऊठ, पकड, शोध. प्रत्यक्षात पहिलं सेमिस्टर अॅनाटॉमी, जेनेटिक्स, पोषण आणि शिकण्याचं शास्त्र यातच जातं, पावलोव्ह, स्किनर या शास्त्रज्ञांचं काम, कुठलं वागणं का वाढतं आणि का कमी होतं. ते कंटाळून सोडू नका. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मला जन्मभर लक्षात राहील तो दिवस वासाच्या लॅबचा. जमिनीवर आठ टिनचे डबे ओळीने, एकात बर्च तेलाचा वास लावलेला कापूस, एकात नुसता कापूस, एकात हातमोजा, एकात बिस्किटाचा तुकडा, असं. माझ्याकडे जुनो नावाची काळी लॅब्रेडॉर होती. पाचव्या डब्यात वास आहे हे मला माहीत होतं. जुनो बरोबर पाचव्याशी बसली, मी खूश. मग सरांनी वासाचा कापूस दुसऱ्या डब्यात हलवला, मला मात्र पाचव्यातच आहे असं सांगितलं. जुनो परत पाचव्याशीच बसली.

त्यांनी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला, हळू करून. पाचवा डबा यायच्या अर्धं पाऊल आधी माझी चाल मंदावत होती, खांदा तिकडे वळत होता, आणि उजवा हात ट्रीट पाऊचकडे निघालेला होता. बिचारी जुनो वास घेतच नव्हती, ती मला वाचत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. ढिगाऱ्यावर हे झालं तर आपण माणसाला चुकीच्या ठिकाणी उकरत बसू.

नंतर कळलं की २०११ साली कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठाच्या लोकांनी हेच अमली पदार्थ किंवा स्फोटकं शोधणाऱ्या हँडलर-कुत्र्याच्या १८ सर्टिफाइड जोड्यांवर तपासलं होतं. एका चर्चच्या चार खोल्या, कुठेच काही लपवलेलं नाही, पण हँडलरना सांगितलं की आहे, आणि काही जागी लाल कागद लावलेला म्हणजे तिथे असेल असं. १४४ शोधांपैकी फक्त २१ वेळा कुठलाच खोटा इशारा आला नाही.

म्हणून सवय लावून घ्या: रोजच्या सरावातला काही भाग तरी असा हवा की वास कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि परीक्षेच्या सरावात तर खोलीत उभ्या असलेल्या कुणालाच माहीत नाही. डबे हाताळताना वासाच्या डब्याला वेगळा हातमोजा, साध्या डब्यांना वेगळा, नाहीतर कुत्रा बर्च नाही, तुमच्या बोटांचा वास शिकतो. आणि कुठल्यातरी फेरीत एकाही डब्यात काही ठेवू नका. "इथे काही नाही" हे सांगायलाही कुत्र्याला शिकवावं लागतं, आणि त्याचंही बक्षीस द्यावं लागतं.

८. कामाचे नियम, इथे मुलं फसतात

एफ-१ म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसच्या बाहेर काम नाही. कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास. आता आपल्या क्षेत्रात काय होतं, शेजारची बाई म्हणते माझं कुत्रं फिरवून आण, तासाला वीस डॉलर देते. अगदी निरागस वाटतं. पण ते बिनपरवानगीचं काम धरलं जातं, रोख घेतलं तरी, आणि व्हिसा धोक्यात येतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने ऑनलाइन अॅपवर डॉग वॉकर म्हणून नाव टाकलं होतं, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय ऑफिसने वेळेत सांगितलं म्हणून वाचला. इंटर्नशिप कोर्सचा भाग असली तरी सुरू करायच्या आधी सीपीटीची, म्हणजे शिकत असताना बाहेर काम करायची, परवानगी आय-२० वर आलेली पाहिजे. डिग्री संपल्यावर १२ महिन्यांचा ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची मुभा, मिळते, त्याचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, तेव्हाच करा. इंग्लंडला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथल्या स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा चालत नाही, म्हणजे स्वतःचे क्लायंट घेऊन ट्रेनिंग देणंही नाही.

९. आपलं कुत्रं सोबत न्यायचं का

पहिल्या वर्षी नका नेऊ. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेने नियम कडक केलेत, भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांत मोडतो, त्यामुळे मायक्रोचिप, किमान सहा महिने वय, रक्ताची टायटर टेस्ट (रेबीजच्या लसीचा असर झालाय का ते बघणारी), ठरावीकच विमानतळ, असं बरंच लागतं. तिथलं कुत्रं इकडे आणायचं तर निघायच्या आधी आपल्या अॅनिमल क्वारंटाइन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र काढावं लागतं. जुनोला आणायची माझी फार इच्छा होती, पण ती कॉलेजची होती, पुढे एका व्हीलचेअरवरच्या मुलाकडे गेली. दिवे लावणं, पडलेली वस्तू उचलून देणं, दार उघडणं, सगळं करते.

१०. परत आल्यावर

नोकरीची जाहिरात बघत बसू नका, इथे ती क्वचितच निघते. वन खात्यांची श्वानपथकं, खाजगी सुरक्षा कंपन्या, अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था, विमानतळावर माल तपासणाऱ्या एजन्सी, या सगळ्यांना स्वतः जाऊन भेटा आणि एक प्रात्यक्षिक दाखवा. डिग्रीच्या कागदापेक्षा दहा मिनिटांत कुत्र्याने केलेलं काम आणि त्या मागची वही यावर काम मिळतं, निदान मला तरी तसंच मिळालं. पहिल्या वर्षी पाळीव कुत्र्यांचे क्लास घेऊन भाडं निघतं, त्यात काहीच कमीपणा नाही, माणसांना शिकवायचा सराव तिथेच होतो.

उन्हाचंही तंत्र परत शिकावं लागतं. तिथे बर्फावर टाकलेल्या मिठाने पंजे चिरतात, इथे एप्रिलमध्ये डांबर पोळतं. हाताचा मागचा भाग रस्त्यावर पाच सेकंद ठेवा, तुम्हाला टेकवत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नका. मराठवाड्यात मी उन्हाळ्यात सराव पहाटे पाच ते सातच घेते. सध्या सोबत एक लॅब्रेडॉर आहे आणि गावाकडून आणलेली एक दहा महिन्यांची कारवान कुत्री, तिला आठ डब्यांच्या ओळीत अजून सहाव्याच्या पुढे धीर धरवत नाही, रोज एक डबा वाढवतेय.